शून्य क्षेत्रफळाचा पिनकोड

ठिपका एवढा मोठा होता की धाकटीला वाटलं, स्क्रीनवर काहीतरी सांडलंय. तिनं बोटानं पुसून पाहिलं. ठिपका जागचा हलला नाही.

धाकटी म्हणजे घरातली धाकटी. आता तिशी उलटली होती, आरोग्य खात्याच्या नियोजन विभागात ती नकाशांचं काम बघायची आणि मोठमोठे लोक तिच्या टेबलाशी येऊन ‘मॅडम, जरा दाखवता का’ म्हणायचे. पण घरी ती धाकटी ती धाकटीच. थोरली बहीण मोठ्या दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टर होती. तिला बाहेरचे सगळे सिस्टर म्हणत आणि ही एकटी ताई म्हणायची.

त्या वर्षी खात्याला चार नवी प्रसूतिकेंद्रं काढायची होती. कुठे काढायची, ते धाकटीनं सांगायचं होतं. तिच्या हातात जन्माच्या नोंदी होत्या, पण त्यांतली नावं, घरनंबर, गल्ल्या सगळं आधीच पुसलेलं असायचं. कोणाच्या घरची गोष्ट कोणाला कळू नये म्हणून तसा नियमच होता. उरायचा तो फक्त आईच्या पत्त्यातला पिनकोड. त्या एवढ्याशा आकड्यावरून बाया कुठे राहतात, दवाखान्यापासून किती लांब राहतात आणि कुठे केंद्र काढलं तर त्यांची पायपीट वाचेल, हे ठरवायचं.

आधीची पद्धत अशी होती की प्रत्येक पिनकोडची हद्द नकाशावर रंगवायची. जिथे जन्म जास्त, तिथे रंग गडद. धाकटीला ती पटेना. माणसं चार आणि माळरान अफाट, असे कोड नकाशाभर पसरून बसत आणि दाटीवाटीची वस्ती कोपऱ्यात अंग चोरून उभी राही. म्हणून या खेपेला तिनं हद्दी काढूनच टाकल्या. प्रत्येक कोडच्या मधोमध एक ठिपका दिला. जितके जन्म, तितका ठिपका मोठा.

आणि नदीच्या वळणावर, जिथे आजवरच्या कुठल्याच नकाशात काही नव्हतं, तिथे हा टपोरा ठिपका उगवला.

तिनं त्या कोडची माहिती उघडली. क्षेत्रफळ: शून्य. म्हणजे या कोडला जमीनच नव्हती. एक इमारत, तीही पोस्टाची. हद्द नाही तर रंगवणार काय, म्हणून आजवर यंत्र हा कोड मुकाट्यानं गाळत आलं होतं. शून्य क्षेत्रफळात वर्षाला एवढी बाळं! एखाद्या मोठ्या खेड्यात जन्मावीत तेवढी.

साहेब तिच्या खांद्यावरून डोकावले. ते भले गृहस्थ होते, फक्त समितीची बैठक जवळ आली की त्यांना घाम फुटायचा.

“हे काय?”

“पोस्ट ऑफिस आहे, साहेब.”

“पोस्टात बाळं होतात?”

“कागदावर तरी होतायत.”

“चुकीचा कोड पडला असेल कोणाच्या तरी हातून. काढून टाक तो.”

“एकाच्या हातून एवढ्या वेळा? दरवर्षी?”

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, ठिपक्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. “उद्या जाऊन ये,” ते म्हणाले. “पण परवा मला उत्तर पाहिजे. आहे म्हण नाहीतर नाही म्हण. मधलं काही नको.”

संध्याकाळी जेवताना धाकटीनं ताईला कोड सांगितला. ताईचा घास हातातच राहिला.

“अगं, येतात की या कोडच्या बाया आमच्याकडे. दिवस अगदी भरत आले की येतात आणि बाळ झालं की उठून चालू पडतात. पुढच्या तपासणीची तारीख द्यावी तर पत्ता नाही. लस चुकते, वजन चुकतं. आम्ही म्हणतो, बेफिकीर आहेत झालं.”

“राहतात कुठे?”

“विचारलं तर ‘नदीवर’ म्हणतात. नदीवर म्हणजे नदीकाठी असेल, असं आम्ही धरून चालतो. उद्या सुट्टी आहे माझी. मीही येते.”

“कशाला?”

“तुझी माणसं म्हणजे ठिपके. ते काही बोलत नाहीत. माझ्या बाया कळा सुरू झाल्या की बोलतात. बोलणाऱ्या माणसांना ओळखणारं कोणीतरी नको का तुझ्याबरोबर?”

बस जिथे संपत होती, तिथून पुढे बांधावरून चालावं लागलं. एका बाजूला उसासारखं उंच वाढलेलं गवत, दुसऱ्या बाजूला नदी. नदी रुंद आणि संथ होती, चहात दूध जरा जास्त पडावं तशा रंगाची. वस्ती कुठेच नव्हती. ताईच्या खांद्याला तिची नेहमीची पिशवी होती, हातमोजे, कात्री, चिमटे असलं सगळं भरलेली. ती पिशवी घेतल्याशिवाय ताई लग्नालासुद्धा जात नसे.

“रिकामंच आहे सगळं,” धाकटी म्हणाली. तिच्या आवाजात निराशा होती. साहेबांना ‘नाही’ म्हणायची तयारी तिच्या मनात सुरू झाली होती.

वळणापाशी नदी एक पायरी उतरत होती. वरचं पात्र उंच, खालचं पात्र खोल, आणि मध्ये पाणी कोसळत होतं. बोटींना पायरी चढता येत नाही, म्हणून कडेला दगडी भिंतींचा लांबलचक हौद बांधलेला होता. हौदाला दोन्ही टोकांना लोखंडी दरवाजे. खालून आलेल्या बोटी हौदात शिरायच्या, मागचा दरवाजा बंद व्हायचा, वरचं पाणी आत सोडलं की हौद भरायचा आणि बोटी पाण्याबरोबर अलगद उचलल्या जायच्या. मग पुढचा दरवाजा उघडायचा. उतरताना हेच सगळं उलटं. आठवड्यातून दोनदा हा खेळ चाले. आज त्यातलाच एक दिवस होता, पण ते दोघी बहिणींना ठाऊक नव्हतं.

हौदाच्या भिंतीला टेकून पोस्ट ऑफिस उभं होतं. एकच खोली. दार ढकलून धाकटी आत गेली आणि उंबऱ्यातच थांबली.

तिन्ही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खण होते. हातभर खोल, वीतभर रुंद, एकावर एक, एकाला लागून एक. प्रत्येक खणावर रंगानं काढलेली खूण होती. मासा, कंदील, लाल पट्टा, तीन चांदण्या, मांजर. खणांत पत्रं होती, औषधांच्या पुड्या होत्या, शाळेची पुस्तकं होती, एका खणात लहान मुलीचे नवेकोरे बूट होते. शिडीवर चढून एक ठेंगणी बाई वरच्या खणात पाकिटं सारत होती.

“पत्र द्यायचंय की घ्यायचंय?” तिनं वळूनही न बघता विचारलं.

“माणसं बघायची आहेत,” धाकटी म्हणाली. “या पिनकोडमध्ये राहणारी.”

पोस्टमास्तरीणबाई शिडीवरून खाली वाकून बघायला लागल्या. मग मनापासून हसल्या. “बघा की! हे काय, सगळी इथेच राहतात. हा कंदील म्हणजे नऊ माणसांचं घर. ते मांजर म्हणजे म्हातारा-म्हातारी आणि खरोखरची दोन मांजरं. घर पाण्यावर असलं तरी पत्र कुठेतरी यायला लागतंच ना? शाळेत नाव घालायचं, दवाखान्यात नाव सांगायचं, सगळीकडे आधी कोड विचारतात. मग हाच देतात.”

“म्हणजे ही सगळी माणसं बोटीवर राहतात?”

“जन्मतात, लग्नं करतात, भांडतात, म्हातारी होतात. खडी वाहतात, धान्य वाहतात, लाकूड वाहतात. आज इथे, पंधरा दिवसांनी पार डोंगराच्या पायथ्याशी.” बाई खाली उतरल्या आणि खिडकीतून उन्हाचा अंदाज घेतला. “बाहेर जाऊन उभ्या राहा. येतीलच आता.”

दोघी भिंतीवर जाऊन उभ्या राहिल्या. आधी काहीच दिसलं नाही. मग एक धडधड ऐकू आली, जमिनीतून पायांत चढावी तशी. वळणाच्या झाडांमागून एका पडावाचं, म्हणजे माल वाहणाऱ्या मोठ्या बोटीचं, टोक बाहेर आलं, मागून त्याचं लांबलचक अंग, त्याच्यामागे दुसरं टोक, तिसरं. मग त्यांनी मोजणं सोडलं. वळणाआडून पडाव येतच राहिले. एकेकाच्या पोटात खडीचा डोंगर नाहीतर पोत्यांची थप्पी, आणि मागच्या बाजूला घर. खरंखुरं घर! खिडक्यांना पडदे, छपरावर कुंड्यांतून लावलेली मिरची, दोरीवर वाळत घातलेली लुगडी, परकर, लंगोट. एका छपरावर कोंबड्या फिरत होत्या. एक म्हातारा आरसा खुंटीला अडकवून दाढी करत होता आणि पडाव डुलला की वस्तरा गालापासून अलगद लांब धरत होता. मुलं एकमेकांच्या बोटींवर उड्या मारत होती आणि आया दुरूनच ओरडत होत्या, अगदी गल्लीतल्या आया ओरडतात तशा.

नदी भरून गेली. मघाशी जिथे पाणी होतं तिथे आता छपरं होती, धूर होता, गलका होता. एक अख्खं गाव चालत येऊन त्यांच्या पायांशी थांबलं होतं.

  टेबलाशी बसून धाकटीनं आजवर लाखो माणसं बघितली होती, पण ठिपका उघडून त्यातून माणसं बाहेर येताना ती पहिल्यांदाच बघत होती.

“बेफिकीर कसल्या,” ताई शेजारी पुटपुटली. “यांची तर घरंच पुढे निघून जातात.”

दरवाजेवाले काका, म्हणजे हौदाची चाकं फिरवणारे गृहस्थ, शिट्टी वाजवून पहिल्या पडावांना आत घेत होते. चार पडाव आत आले, मागचा दरवाजा करकरत मिटला. पाणी भरायला लागलं. तेवढ्यात हौदाच्या तळातून, सगळ्यात मागच्या पडावावरून, एका बाईची किंकाळी आली.

ताईनं मान वळवली. ती किंकाळी कसली, हे तिला सांगावं लागलं नाही.

“कितवी खेप?” तिनं वरूनच विचारलं.

घराच्या दारातून एक पोक्त बाई बाहेर आली. सासू असावी. “दुसरी! वर पोचल्यावर गाडी करून दवाखान्यात न्यायची होती हो. आठ दिवस आहेत म्हणाले होते!”

“दुसरी खेप आठ दिवस थांबत नसते,” ताई म्हणाली आणि पिशवी पाठीवर टाकून भिंतीतल्या लोखंडी पायऱ्यांवरून खाली उतरायला लागलीसुद्धा. अर्ध्यात थांबून तिनं वर बघितलं. “धाकटे, काय बघतेस? चल!”

“मी? मला काय येतं?”

“हात आहेत ना तुला? चल.”

आतली खोली लहान आणि लख्ख होती. बाई जमिनीवर गादीवर होती, केस घामानं कपाळाला चिकटलेले. ताईनं एका नजरेत सगळं बघितलं, हात धुतले, मोजे चढवले. “बाळाचं डोकं दिसतंय. आता कुठे न्यायला वेळ नाही. इथेच.” तिनं धाकटीला बाईच्या पाठीशी बसवलं. “खांदे धर. तिनं तुझा हात मोडला तरी सोडू नकोस.”

पाणी जोरात आत येत होतं. पडाव भिंतीवर आपटत होता, खोली हलत होती.

“हे हलणं थांबवा कोणीतरी!” ताई ओरडली.

सासूनं बाहेर जाऊन तोच ओरडा वर पोचवला. काकांनी चाक उलटं फिरवलं. पाणी थांबलं, निम्म्यावर. पडाव भिंतीच्या मधोमध तरंगत राहिला, खालच्या नदीतही नाही आणि वरच्याही नाही. तरीही टोक पुढेमागे होत होतं. बाईचा नवरा, पडाव चालवणारा तांडेल, दाराबाहेर दोर हातात घेऊन गोंधळून उभा होता. बोटीवरची माणसं पडावाच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात, हे ताईला कुठून माहीत असणार!

“बाई, नाळ बांधू का?” त्यानं विचारलं.

“हात लावू नका!” ताई आतून कडाडली. “बाळ तरी येऊ द्या बाहेर! नाळ मी बघते!”

“अहो, पडावाची! पडावाची नाळ!”

कळा देता देता त्या बाईला हसू फुटलं. धाकटीच्या हातांखाली तिचे खांदे हसण्यानं हलले आणि लगेच पुढच्या कळेनं ताठ झाले. “बांधा म्हणावं घट्ट,” ती दातांतून म्हणाली.

मग एक गोष्ट घडली. वर भिंतीवर काकांनी लाल बावटा लावला असावा, कारण शेजारच्या पडावाचं इंजिन बंद झालं. मग त्याच्या पलीकडचं. मग दरवाजाबाहेर थांबलेल्यांपैकी पहिलं, दुसरं. का थांबायचं, ते तोंडातोंडी मागे जात होतं आणि त्याच्यामागोमाग धडधड विझत जात होती, मागे, आणखी मागे, वळणाच्या झाडांपर्यंत आणि त्यांच्याही पलीकडे. मुलांचा गलका थांबला. कोणीतरी कोंबड्यांनासुद्धा आत कोंडलं असावं. एवढी मोठी नदी, एवढी माणसं, आणि भिंतीवरून ठिबकणाऱ्या पाण्याचा थेंब न् थेंब ऐकू येत होता.

त्या शांततेत ताईचा आवाज हळू झाला होता. “हं, आता. अशी. थांब, श्वास घे. आता परत.” धाकटीनं खांदे धरले होते. तिच्या मनगटात त्या बाईची नखं रुतली होती आणि तिला ती जाणवतही नव्हती. खिडकीतून फक्त ओली दगडी भिंत दिसत होती आणि वर आकाशाची पट्टी.

आणि बाळ आलं. निळसर, गुळगुळीत, माशासारखं. क्षणभर ते ताईच्या हातांत नुसतंच होतं. ताईनं त्याचं तोंड पुसलं, पाठ चोळली. कोणी श्वास घेत नव्हतं, ना खोलीत, ना बाहेर.

मग ते रडलं.

बारीकसा आवाज, पण हौदाच्या भिंतींनी तो उचलून धरला आणि वर फेकला. भिंतीवर कोणीतरी “झालं!” म्हणून ओरडलं. शेजारच्या पडावानं भोंगा वाजवला. त्याच्यामागच्यानं वाजवला. दरवाजाबाहेरच्यानं वाजवला. भोंगे मागे मागे जायला लागले, जाड, चिरके, घोगरे, एकामागून एक, वळणापर्यंत, मग वळणाआड. धाकटी कान देऊन ऐकत राहिली. तिला वाटायचं, संपले आता, आणि लांबून आणखी एक यायचा, पुसटसा. आणि त्याच्याही पलीकडून आणखी एक. आपल्या ठिपक्याची हद्द कुठवर आहे, ते तिला डोळ्यांनी नाही, कानांनी कळत होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दोन्ही हात गुंतल्यामुळे तिला ते पुसता येत नव्हतं.

“मुलगी आहे,” ताई म्हणाली. “आणि चांगली खणखणीत आहे.”

सासूनं बाहेर जाऊन वर तोंड केलं. “अहो पोस्टबाई! आमच्या खणात एक माणूस वाढलं बरं का!”

काकांनी मग पाणी इतकं हळू सोडलं की पडाव वर चाललाय हे खिडकीतली भिंत खाली सरकताना दिसली म्हणूनच कळलं. भिंत संपली. ऊन आत आलं. वरची नदी समोर पसरली होती.

ताईनं सवयीनं सुरुवात केली, “आता आजची रात्र दवाखान्यात चला, आणि सहा दिवसांनी तपासणीला...” ती मध्येच थांबली. “सहा दिवसांनी तुम्ही कुठे असाल?”

“वरती, डोंगराच्या वाटेवर,” ती बाई म्हणाली. बाळ तिच्या छातीशी होतं. “येऊ की आम्ही, बाई. यायचं नसतं असं नाही. पण माल पोचवायचा असतो.”

 ताईनं त्या बाईच्या कपाळावरचे केस मागे सारले. मग आईला आणि बाळाला घेऊन ती गाडीनं दवाखान्यात गेली. पडाव दोन दिवस वरच्या धक्क्याला थांबेल, असं तांडेलानं कबूल केलं.

धाकटी मागे राहिली. संध्याकाळपर्यंत ती एका पडावावरून दुसऱ्यावर जात, तुम्ही कुठे कुठे जाता, कुठे थांबता, असं विचारत हिंडली. केंद्र कुठे काढावं, हेही विचारलं. तिथे मात्र पंचाईत झाली. खडीवाले म्हणाले, खाणीपाशी काढा. धान्यवाले म्हणाले, बाजाराच्या धक्क्याला. लाकूडवाल्यांना डोंगर हवा होता. दोन म्हाताऱ्या तर त्यावरून इतक्या जुंपल्या की तिला मध्ये पडावं लागलं. नदी लांबच लांब आणि माणसं एका जागी थांबणारी नव्हेत. केंद्र कुठेही काढलं तरी निम्म्यांना ते परकंच राहणार होतं.

निराश होऊन ती हौदाच्या भिंतीवर येऊन बसली. समोर पडाव आत येत होते, उचलले जात होते, बाहेर पडत होते. खडीवाले, मग धान्यवाले, मग लाकूडवाले. मघाच्या त्या दोन भांडणाऱ्या म्हाताऱ्या एकीमागोमाग एक तिच्यासमोरून गेल्या आणि दोघींनी हात हलवला. ती ताडकन उठून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, “काय? आहे की नाही?”

“आहे, साहेब.”

“मग खरी वस्ती कुठे आहे? ठिपका कुठे सरकवायचा?”

“कुठेच नाही. ठिपका आहे तिथेच बरोबर आहे. आपले बाकीचे कोड सांगतात माणसं झोपतात कुठे. हा सांगतो माणसं जातात कुठून. कुठेही जायचं असो, त्या दरवाजातून गेल्याशिवाय त्यांना गत्यंतर नाही. आणि आत शिरलं की हौद भरेपर्यंत थांबावंच लागतं. नुसती बसून असतात, साहेब. तपासायला याहून चांगली वेळ कुठली?”

समितीत एका सभासदानं नियम काढला. जिथे रहिवासी नाहीत तिथे केंद्र काढता येत नाही, आणि त्या ठिकाणी रहिवासी शून्य. धाकटीनं परोपरीनं सांगितलं. तिचे भोंगे, तिची शांतता यांतलं काहीच त्या लांब टेबलापर्यंत पोचेना. शेवटी साहेब म्हणाले, “निर्णय आठवडाभर थांबवा. मी जाऊन येतो.”

ते गेले. धाकटी बरोबर होती. वळणाआडून पडाव यायला लागले तेव्हा साहेबांनी आधी चष्मा पुसला, मग काढून हातातच धरला. 

“हे सगळे,” ते म्हणाले, “इतकी वर्षं इथेच होते?”

“इथून जात होते, साहेब.”

“माझा जन्म याच जिल्ह्यातला,” साहेब म्हणाले.  एका पडावावरच्या पोरानं त्यांना सलाम ठोकला, आणि साहेबांनी घाईघाईनं, अगदी नीट, पाय जुळवून उलट सलाम केला.

पूर्ण केंद्र काही मिळालं नाही. चारही केंद्रं जमिनीवरच्या गावांना गेली आणि त्यांची गरजही खोटी नव्हती. नदीला मिळाल्या पोस्टाशेजारच्या दोन खोल्या, औषधांचं कपाट, वजनकाटा, आणि दरवाजा उघडायच्या दिवशी दोन सिस्टर. त्यांतली एक ताई. तिनं बदलीचा अर्ज स्वतःहून दिला होता आणि पहिल्या दिवसापासून भांडायलाही सुरुवात केली होती. “दोन खोल्यांत काय होतंय? एक बोट पाहिजे आपल्याला. लिहून घे धाकटे, बोट.” धाकटीनं पुढच्या वर्षीच्या मागणीत बोट लिहिली. त्याच्या पुढच्या वर्षीही लिहिली.

दवाखाना उघडला त्या सकाळी धाकटी ऑफिसातून रजा काढून आली. येईल तरी का कोणी, ही धास्ती तिला होती. पोस्टमास्तरीणबाईंनी प्रत्येक खणात चिठ्ठी टाकली होती खरी, पण चिठ्ठी टाकली म्हणून माणूस येतंच असं नाही. खालच्या नदीत पडाव येऊन दाटले होते, नेहमीसारखेच, या काठापासून त्या काठापर्यंत. दरवाजा अजून मिटलेला होता. ताई पांढरा कोट घालून दारात उभी राहिली.

सगळ्यात पलीकडच्या पडावावरून एक बाई निघाली, कडेवर मूल घेऊन. तिनं शेजारच्या पडावावर पाय टाकला. तिथली बाई आपलं मूल घेऊन तिच्यामागे निघाली. मग पुढच्या पडावावरची. कोणी फळी टाकत होतं, कोणी हात देत होतं. पोट सावरत चालणाऱ्या पोरीबाळींना म्हातारे तांडेल दोन्ही बाजूंनी धरून पुढे देत होते. छपरांमधून, पोत्यांवरून, खडीच्या ढिगांना वळसे घालून बायांची ती रांग अख्खी नदी पायी ओलांडून त्यांच्या दिशेनं येत होती.

“कोट बदलून येऊ का?” ताईनं हळूच विचारलं. “याला इस्त्री नाहीये.”

“राहू दे गं,” धाकटी म्हणाली, आणि पहिल्या बाईला वर घ्यायला पायऱ्या उतरून गेली.